साडेतीन नंबरचा पिवळा

"तिला हात लावू नका," फोनवरचा माणूस म्हणाला. "धूळसुद्धा पुसू नका. उद्या सकाळी मी येईपर्यंत ती आहे तशी राहू दे."

"बरं," सून म्हणाली आणि तिने मान वळवून गॅलरीकडे पाहिलं. तिथे तिचा नवरा गाडीच्या पॉलिशचा रिकामा डबा हाताने चेपत होता. त्याच्यासमोर खुर्चीत सासऱ्यांची इलेक्ट्रिक गिटार टेकवून ठेवली होती आणि ती एखाद्या नव्या वॉशबेसिनसारखी चमकत होती.

"कोण होतं?" त्याने विचारलं.

"गिटारचा पारखी."

"मग? सांगितलंस ना, तयार आहे म्हणून?"

सून जवळ गेली आणि गिटारकडे वाकून बघत राहिली. काल संध्याकाळपर्यंत ही गिटार जुन्या पियानोच्या पट्ट्यांसारखी पिवळट होती. तिच्यावर केसांएवढ्या बारीक चिरा होत्या आणि चिरांमध्ये तपकिरी मळ बसलेला होता. आता चिरा उरल्या होत्या, पण मळ नव्हता आणि पिवळेपणाही नव्हता.

"छान झालीय ना?" नवरा म्हणाला. "निघतच नव्हतं आधी. तीन हात द्यावे लागले."

"तो म्हणाला, धूळसुद्धा पुसू नका."

नवऱ्याने चेपलेला डबा पुन्हा फुगवायचा प्रयत्न केला. "हे त्याने काल सांगायला हवं होतं," तो म्हणाला.

नवऱ्याची यात फारशी चूक नव्हती. तो एका मोठ्या हॉटेलात साफसफाई विभागाचा प्रमुख होता. पाहुणा येणार म्हटलं की त्याचा हात आपोआप फडक्याकडे जायचा. डाग ही गोष्ट त्याने आयुष्यात कधी मान्यच केली नव्हती. त्यातून हा पाहुणा साधासुधा नव्हता, त्याच्या एका शब्दावर घरातलं सगळ्यात जुनं भांडण मिटणार होतं.

भांडण सासऱ्यांचं आणि त्यांच्या धाकट्या भावाचं होतं. घरात सगळे त्यांना बाबा आणि काका म्हणत. बाबा तरुणपणी एका बँडमध्ये गिटार वाजवायचे. गाव सोडून निघालेल्या एका वादकाकडून त्यांनी ती गिटार घेतली होती, आणि त्यासाठी स्वतःचं लग्न एक वर्ष पुढे ढकललं होतं. गिटार अस्सल, नामांकित कारखान्याची, असं बाबा म्हणत. गिटार नकली, असं काका म्हणत. गिटारच्या डोक्यावरचं नाव घासून गेलं होतं. बाबांच्या मते ते तिथे होतं. काकांच्या मते नसलेली गोष्ट घासून जात नाही. काका वरच्याच मजल्यावर राहत आणि रोज चहाला खाली येत, त्यामुळे हा विषय कधी शिळा झाला नव्हता.

गेल्या आठवड्यात घरसामानाचा विमा उतरवायला एक एजंट आला होता. "मौल्यवान वस्तू काही?" त्याने विचारलं तेव्हा बाबा ताठ बसून म्हणाले, "एक गिटार आहे. जुनी. अस्सल." त्यावर काका बिस्कीट चहात बुडवत म्हणाले, "ते लिहू नका हो. खेळणं आहे ते." एजंटाचं पेन हवेतच राहिलं. "खरी की खोटी ते घरातल्या घरात ठरवा आणि मग मला बोलवा," असं म्हणून तो निघून गेला. परक्या माणसादेखत असं झाल्यावर बाबा दोन दिवस नीट जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी सुनेला हाक मारली आणि म्हणाले, "एखादा पारखी शोध. विम्याचं जाऊ दे. कोणीतरी बाहेरच्या माणसाने याच्यासमोर सांगायला हवं, की ती खरी आहे. बास."

आणि आता ती अशी झाली होती. बाबा मित्राकडे गेले होते, संध्याकाळी परतणार होते.

"पाठ दाखव," सून म्हणाली.

नवऱ्याने गिटार उलटी केली. पाठ जशीच्या तशी होती, पिवळट आणि मऊ.

"इथे का नाही घासलंस?"

"डबा संपला."

"देवाची कृपा. आणि हे स्क्रू इतके का चमकतायत?"

"बदलले. सगळे गंजले होते. फार वाईट दिसत होतं ते."

"जुने कुठायत?"

"कचऱ्यात." त्याने गॅलरीतून खाली पाहिलं. कचऱ्याची गाडी येऊन गेली होती. "आता माझ्याकडे तशी बघू नकोस. मला वाटलं बाबांना बरं वाटेल."

सुनेने गिटार उचलली आणि मागच्या खोलीत नेली. या खोलीत तिची दातांची लॅब होती. शहरातले बरेच दंतवैद्य तिच्याकडे साचे पाठवत आणि ती त्यांना दात करून देई. पांढराशुभ्र दात कुणीही करतं, असं तिचं मत होतं. साठ वर्षं चहा प्यायलेल्या पाच दातांच्या मधोमध बसणारा आणि त्यांच्यातलाच वाटणारा सहावा दात करायचा, तर हात लागतो. तो हात तिला होता. तिने केलेला दात ओळखू येत नाही, अशी तिची ख्याती होती. आणि ओळखू येत नसल्यामुळे त्याबद्दल तिला कोणी कधी शाबासकीही दिली नव्हती.

तिने टेबलावरचा दिवा लावला, दातांचे नमुने टांगलेली रंगपट्टी काढली आणि एकेक दात गिटारच्या पाठीला लावून बघायला सुरुवात केली. नवरा दारात उभा होता.

"साडेतीन," ती म्हणाली.

"काय साडेतीन?"

"नंबर. साडेतीन नंबरचा पिवळा. कडेकडेला चारकडे झुकतो. पण पुढच्या बाजूला वर धुराचाही हात असणार. बाबा सिगरेट ओढायचे?"

"छे. समोर बसलेले ओढायचे."

"समोर कुठल्या बाजूला?"

"मला काय माहीत? मी जन्मलो नव्हतो."

"फोटो असेल ना एखादा. बघून ये. धूर एका बाजूने आला असेल, तर डाग दोन्हीकडे सारखा असून चालणार नाही."

फोटो सापडला. बाबा मंचाच्या अगदी उजव्या टोकाला उभे होते, म्हणजे प्रेक्षक आणि त्यांचा धूर एकाच अंगाला होता. सुनेने त्याप्रमाणे रंग कालवला. आधी पातळ पिवळा हात, मग निळ्या दिव्याखाली पक्का करणं, मग दुसरा हात. चिरांमध्ये तिने सगळ्यात बारीक ब्रशने तपकिरी भरला. म्हाताऱ्या दातांवरच्या चिरा ती तशाच भरत असे. जिथे बाबांचा कोपर टेकत असेल, तिथे रंग थोडा विरळ ठेवला. नव्या स्क्रूंना व्हिनेगर आणि मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवलं आणि ते लवकर गंजावेत म्हणून पाणी दिव्याखाली कोमट केलं.

नवऱ्याला ते बघवेना. त्याचे हात शिवशिवत होते. "धडधडीत डाग पाडतेयस तू," तो म्हणाला.

"तू बाहेर बस. आणि ते फडकं इथे ठेवून जा."

बाबा संध्याकाळी आले. पेटी उघडून त्यांनी गिटारकडे पाहिलं, कोपर टेकायची जागा बोटाने चाचपली आणि पेटी बंद केली. "जशीच्या तशी आहे," ते स्वतःशीच म्हणाले. नवऱ्याने बायकोकडे अशा नजरेने पाहिलं, जणू लग्नात तिच्याबद्दल आपल्याला सगळं सांगितलं गेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पारखी यायच्या अर्धा तास आधीच काका भांग पाडून खाली आले आणि टेबलासमोरची खुर्ची धरून बसले. ते रेडिओ दुरुस्तीच्या दुकानातून निवृत्त झाले होते आणि कुठलीही वस्तू उघडून बघितल्याशिवाय तिच्याबद्दल चांगलं बोलायचं नाही, ही सवय त्यांना तिथे लागली होती.

"दादा, पाणी पिऊन घे," ते म्हणाले. "धक्का बसला की घसा कोरडा पडतो."

"तू पी," बाबा म्हणाले.

पारखी किडकिडीत होता. त्याच्याकडे एक भिंग, एक छोटी बॅटरी आणि कापडी हातमोजे होते. घरातल्या माणसांकडे त्याने फारसं पाहिलं नाही. टेबलावर मऊ कापड अंथरून त्याने गिटार उताणी ठेवली आणि भिंग लावून तो एका टोकापासून वाचल्यासारखा सरकत गेला. खोलीत कोणी हललं नाही. नवरा भिंतीला टेकून उभा होता, आणि भिंत पडली असती तरी त्याने ती सोडली नसती.

"नंबर मागच्या पत्र्यावर आहे," बाबा म्हणाले.

"नंबर कोणीही कोरतो. मी रंग बघतो. रंग खोटं बोलत नाही." पारखी थांबला. त्याने बॅटरी तिरकी धरली. "हे बघा. हा पिवळा. हा करता येत नाही, हा यावा लागतो. डावीकडे गडद, उजवीकडे फिका. म्हणजे ही गिटार मंचाच्या टोकाला वाजलेली आहे आणि धूर एकाच अंगाने आलेला आहे."

बाबा खुर्चीत सरळ झाले. "उजव्या टोकाला," ते म्हणाले. "मी उजव्या टोकाला असायचो."

"आणि हे स्क्रू. गंज बघा कसा बसलाय. याला काळ लागतो."

नवऱ्याला खोकला आला. बाबांनी काकांकडे पाहिलं. काकांनी बिस्किटाकडे पाहिलं. सुनेच्या आत मात्र काहीतरी विचित्र चाललं होतं. तिच्या कामाचं इतकं बारकाईने कौतुक आजवर कोणी केलं नव्हतं, आणि ते तिचं काम आहे हे ज्याला ठाऊक नव्हतं, तोच ते करत होता.

मग पारख्याने गिटार उलटी केली. पुन्हा पुढची बाजू बघितली, पुन्हा पाठ.

"पाठ मागाहून रंगवलेली आहे," तो म्हणाला.

"काय?" बाबा म्हणाले.

"हा पिवळा सपाट आहे. चिरा नाहीत. अगदी गुळगुळीत. पुढचा रंग आणि हा रंग, दोघांचं आयुष्य वेगळं आहे."

"अहो, तिथे माझा शर्ट घासायचा. पोट टेकायचं."

"असं सगळेच म्हणतात. पाठ रंगवतात ती काहीतरी झाकायला. फळी बदललेली असावी. मी हिला अस्सल म्हणू शकत नाही. माफ करा."

"मी काय सांगत होतो," काका म्हणाले. पण त्यांच्या आवाजात म्हणावा तसा जोर नव्हता. बाबांचा चेहरा त्यांनाही दिसत होता.

बाबांनी भांडण केलं नाही. त्यांनी गिटार स्वतःकडे वळवली आणि ती पाठ ते पहिल्यांदाच बघतायत असे बघत राहिले. "तो माणूस जरा घाईत होता खरा," ते हळूच म्हणाले. "पैसेसुद्धा मोजून घेतले नाहीत त्याने."

सुनेला ते ऐकवेना. एक तर सासरे डोळ्यांदेखत खचत होते. शिवाय निष्कर्ष चुकीचा होता, आणि चुकीचा निष्कर्ष तिला गळ्यात अडकलेल्या काट्यासारखा टोचत असे.

"पाठ खरी आहे," ती म्हणाली. "पुढची बाजू खोटी आहे."

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. नवऱ्याने पंख्याकडे पाहिलं.

"पुढची बाजू मी काल दुपारी रंगवली. हिला आधी ह्याने पॉलिश केलं, मग मी पाठ बघून रंग जुळवला. साडेतीन नंबर. स्क्रूसुद्धा नवे आहेत. व्हिनेगरमध्ये ठेवले होते."

"बाई, तुम्ही काय करता?" पारख्याने विचारलं.

"दात."

"काय?"

"दात करते. माणसांचे."

"मग मी दातांबद्दल काही बोलतो का?" पारखी म्हणाला. "जुन्या वस्तू खऱ्या ठरवायला धडपडणारी घरं मी रोज बघतो. खोट्या ठरवायला धडपडणारं हे पहिलंच."

"तुला पॉलिश करायला कोणी सांगितलं होतं?" बाबांनी मुलाला विचारलं.

"पाहुणे येणार होते," मुलगा म्हणाला.

"एका कोपऱ्यात स्पिरिट लावून दाखवते," सून म्हणाली. "माझा रंग लगेच सुटेल."

पारखी दोन्ही हात पसरून गिटारवर आडवा झाला. "खबरदार. इतका सुंदर जुना रंग मी तुम्हाला पुसू देणार नाही."

आता गोंधळ पक्का झाला होता. गिटार खरी आहे हे दाखवायचं, तर तिचा अर्धा भाग खोटा आहे हे आधी सिद्ध करायला हवं होतं. आणि जो अर्धा भाग खोटा होता, त्याच्या खरेपणाबद्दल पारख्याची खात्री होती. बाबांना यातलं नेमकं काय झालं तर आनंद मानायचा ते कळेना. काकांनाही आपण जिंकतोय की हरतोय ते समजेना, म्हणून त्यांनी तिसरं बिस्कीट घेतलं. सुनेची नजर त्यांच्या तोंडावर गेली.

"काका, तोंड उघडा."

"का?"

"तुमचा एक दात मी केलेला आहे. ह्यांना ओळखू द्या कुठला ते. ओळखला, तर मी गप्प बसते."

"भर बैठकीत? मी नाही."

"उघड ना," बाबा म्हणाले. "इतकी वर्षं उघडंच आहे. आज काय झालं?"

काकांनी बिस्कीट गिळलं आणि नाइलाजाने तोंड उघडलं. पारखी आधी नको म्हणत होता, पण हा आता त्याच्या डोळ्यांचा प्रश्न होता. त्याने हातमोजे काढले, बॅटरी पेटवली आणि गिटारला लावली होती तशीच तिरकी धरून काकांच्या तोंडात पाहिलं. मग भिंग लावलं.

"जरा उजेडाकडे वळा. हं. किटणाचा थर सगळीकडे सारखा आहे... हा झिजलाय, हा बरोबर झिजलाय..." त्याने वरच्या रांगेतल्या एका वाकड्या, काळपट दाताकडे बोट केलं. "हा. हा उघडउघड खोटा आहे. रंगही जुळत नाही आणि बसवलाही वाकडा आहे."

काकांनी तोंड मिटलं. "हा माझा स्वतःचा आहे," ते दुखावल्या आवाजात म्हणाले. "जन्मापासून."

"स्वतःचे दात जन्मापासून नसतात," बाबा म्हणाले.

"त्याच्या शेजारचा मी केलेला आहे," सून म्हणाली. "तो पाहून तुम्ही 'बरोबर झिजलाय' म्हणालात."

पारखी खुर्चीवर बसला आणि त्याने पाणी मागितलं. ते पिऊन झाल्यावर तो बराच वेळ सुनेकडे बघत होता. गेल्या काही वर्षांत त्याने ज्या ज्या वस्तू अस्सल ठरवल्या, त्या सगळ्या त्याच्या डोळ्यांपुढून जात असाव्यात.

"रंगाबद्दल मी आज काही बोलणार नाही," तो शेवटी म्हणाला. "पुढचाही नाही, मागचाही नाही. स्क्रूबद्दलही नाही. यातल्या कोणाचा हात जिथे पोचला नसेल, ते बघतो. आत काही केलंय का तुम्ही?"

"आत नाही," सून आणि नवरा एकदम म्हणाले.

पारख्याने आवाजाची बटणं असलेली पत्र्याची पट्टी सोडवली आणि उलटी केली. आतली पोकळी दिसली, तिच्यातून कापडी वेष्टणाच्या वायरी बाहेर आल्या. त्याने भिंग लावलं, आणि हळूहळू त्याचा चेहरा बदलला. पोकळीच्या भिंतीवर मूळचा पांढरा रंग होता, जिथे ना धूर पोचला होता ना फडकं. रंगाचा फवारा पाठीकडून आणि पुढून एकाच वेळी मारलेला स्पष्ट दिसत होता. लाकूड एकसंध होतं. वायरी त्या काळातल्या होत्या. हत्यारांचे व्रण जिथे असायला हवे होते तिथे होते.

"खरी आहे," तो म्हणाला.

बाबांनी ऐकलं, पण ते बहुधा पुढचं वाक्य काय येतंय याची वाट बघत होते. सकाळपासून प्रत्येक वाक्याला पुढचं वाक्य येत होतं.

"फक्त," पारखी म्हणाला.

"आलं," नवरा पुटपुटला.

"हा कपॅसिटर, आवाजाचा पोत ठरवणारा हा तुकडा, मूळचा नाही. हा कुठल्या तरी जुन्या रेडिओतला आहे, आणि हवा त्यापेक्षा मोठा आहे. आवाज गोड राहणार नाही, जाड येणार. आणि हे सोल्डरिंग बघा. गोळे गोळे केलेत नुसते. कोणा शिकाऊ पोराने केलेलं दिसतंय."

"शिकाऊ कशावरून?" काका म्हणाले.

"असं कोण करतं? एवढं शिसं कशाला?"

"पक्कं बसावं म्हणून," काका म्हणाले. "तेव्हा माल कसा मिळायचा तुम्हाला माहितीय? त्याच्यातूनही इतकी वर्षं टाका सुटलेला नाही. ओढून बघा. आजची पोरं लावतात ते दोन महिन्यांत निघून हातात येतं. गोळे म्हणे."

हे बोलून झाल्यावर आपण काय बोललो ते त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी बिस्किटाची बशी पुढे ओढली. ती रिकामी होती.

"धाकट्या," बाबा म्हणाले. "हे तू केलंस?"

"तू तापाने पडला होतास ना, टायफॉईडच्या वेळी. तेव्हा एक दिवस नेली होती मी. पलीकडच्या गल्लीत."

"पलीकडच्या गल्लीत कुणाकडे?"

"ते आता सांगून काय उपयोग? तिचं लग्नही होऊन गेलं. दोन सूर वाजवले आणि बंदच पडली. मी रात्रीतून दुरुस्त करून ठेवली. तू बरा झालास, वाजवायला बसलास आणि म्हणालास, हिचा आवाज असा का येतोय? मी काय बोलणार? मी म्हटलं, नकली असेल."

"आणि मग?"

"मग काय, एकदा म्हटल्यावर म्हणत राहावं लागलं."

बाबांनी हात कानाशी नेला. "मला वाटलं, तापाने माझे कान गेले," ते म्हणाले. "डॉक्टरसुद्धा म्हणाला होता, टायफॉईडमध्ये होतं असं. मी बँड सोडला तो त्यापायी."

काकांनी मान खाली घातली. खोलीत सगळ्यांना वाटलं, आता बाबा चिडणार. सून पुढे होऊन काही बोलणार होती, पण बाबांचा चेहरा चिडल्यासारखा नव्हता. हरवलेली वस्तू खिशातच सापडावी, तसा तो झाला होता. गिटार खरी होती. कान शाबूत होते. इतक्या वर्षांचा हिशेब एका रेडिओच्या तुकड्यापाशी येऊन थांबत होता, आणि तो तुकडा शेंगदाण्याएवढा होता.

"किंमत किती धरायची?" नवऱ्याने हळूच विचारलं. "म्हणजे, विम्याला."

"काल सकाळी फार होती," पारखी म्हणाला. "आज ही वाजवायची चांगली गिटार आहे, एवढंच लिहून देतो. गिटार खरी, पुढचा रंग सूनबाईंचा, पॉलिश आणि स्क्रू चिरंजीवांचे, आवाज धाकट्या बंधूंचा. घरातल्या प्रत्येकाने हिच्यावर हात चालवलाय." तो बाबांकडे वळला. "तुम्ही काही केलंय का? आत्ताच सांगून टाका."

"मी?" बाबा म्हणाले. "मी नुसती वाजवायचो."

"ते पण बेताचंच," काका म्हणाले.

"तुझ्या कपॅसिटरमुळे."

काकांनी तोंड उघडलं. मग मिटलं आणि ते उठले. "वर माझं सोल्डरिंगचं सामान पडलंय अजून," ते म्हणाले. "आलोच. आता बारीक टाका घालतो." ते दाराबाहेर पडताच पारख्याने पत्र्याची पट्टी उचलली आणि घाईघाईने स्क्रू पिळायला सुरुवात केली. घाईत एक स्क्रू त्याच्या हातून निसटला. नवऱ्याने तो उचलला आणि सवयीने शर्टाला पुसला.

"राहू द्या, उघडीच राहू द्या," बाबा म्हणाले. "त्याला जिना चढायला वेळ लागतो. तोवर मी वाजवून घेतो."

त्यांनी पट्टी लोंबती ठेवूनच गिटार मांडीवर घेतली आणि तारा जुळवल्या. घरात ॲम्प्लिफायर नव्हता, त्यामुळे आवाज फार लहान आला, डासाच्या गुणगुणण्याएवढा. जोडणीच नसल्यामुळे त्या आवाजाशी कपॅसिटरचा काहीही संबंध नव्हता, हे सुनेला कळत होतं. बाबांना मात्र तसं वाटत नसावं. डोळे मिटून, मान एका बाजूला कलती करून ते ऐकत होते. मध्येच थांबून त्यांनी तीच जागा पुन्हा वाजवली.

"बघ," ते म्हणाले. "किती जाड येतोय आवाज. मी तेव्हाच म्हणत होतो."